अक्षरी पंधरा

चिमाजीचे दोनशे चौसष्ट फोटो आपल्यापाशी आहेत, असं जलीलनं सांगितलं तेव्हा रतनबाई खळ्यावर भात पाखडत होती. तिनं सूप थांबवलं नाही.

"दोनशे चौसष्ट," जलील पुन्हा म्हणाला. "फिल्लम म्हंजे नुसते फोटोच असत्यात, मावशी. एका सेकंदाला चोवीस. चिमा अकरा सेकंद दिसतो. म्या तीनदा मोजलं."

रतनबाईच्या घरात आपल्या मुलाचा एकही फोटो नव्हता. बेचाळीसच्या भाद्रपदात चिमाजी मोर्चात गेला होता. भोर तेव्हा संस्थान होतं, आणि पलीकडच्या इंग्रजी मुलखाला लोक खालसा म्हणत. तो खालसात गेला आणि तिसऱ्या दिवशी बैलगाडीतून उत्रोलीला परत आला, घोंगडीत गुंडाळलेला. याला आता सात वर्षं झाली होती. संस्थान गेलं, इंग्रज गेले, चिमाजीचा बाप गेनूही गेला. जलील मात्र वाढला. चिमाजीच्या वर्गातला, भोरच्या पेठेतल्या खुर्शिदाचा थोरला मुलगा. आता तो एका फिरत्या सिनेमाचं यंत्र चालवत होता. शनिवारी भाताची गिरणी बंद असते, इंजिन मोकळं असतं, म्हणून गिरणीच्या जुन्या वखारीत शनिवारी दुपारी तीनला एकच खेळ लागणार होता. बेचाळीस सालावरचा. त्या वेळी कुणी तरी लपून घेतलेली चित्रं आता जोडून तयार केलेला.

"मी येणार न्हाई," रतनबाई म्हणाली. "मरताना बघू व्हय पोराला?"

"मरताना न्हाई दावलं. चालतोय नुसता. मागं वळून बघतो, हसतो. मग धूर व्हतो. मग दुसरंच काय काय."

सूप थांबलं. "हसतो?"

"व्हय."

खळ्याच्या दुसऱ्या टोकाला धोंडाबाई, तिची धाकटी जाऊ, पेंढा गोळा करत होती. तिनं तिथूनच विचारलं, "अंगात काय हाय रं त्याच्या?"

"नानांचा काळा कोट."

दोघी जावांनी एकमेकींकडे पाहिलं. तो कोट धोंडाबाईच्या नवऱ्याचा, सावळारामचा. पोरासोरांना मोर्चात घेत नाहीत, म्हणून मोठं दिसायला चिमाजीनं तो खुंटीवरून उचलून नेला होता. कोट परत आला नव्हता.

रतनबाईची लेक ठकू पाण्याची कळशी घेऊन येऊन उभी होती, केव्हापासून ते कुणाच्या लक्षात आलं नाही. दिवाळीला ती वेल्ह्याहून माहेरी आली होती, आणि महिनाभरात तिनं आपणहून एकही वाक्य उच्चारलं नव्हतं. विचारलं तर 'व्हय', विचारलं तर 'न्हाई'. आता ती म्हणाली, "मी जाणार बघाया."

जलीलनं टोपी काढून पुन्हा घातली. "तुला न्हाई येता यायचं, ठकू. त्याला 'ए' मिळालंय."

"ए म्हंजे?" धोंडाबाईनं विचारलं.

"इंग्रजी अक्षर हाय, काकी. औंदाच कायदा आलाय. शिनेमा सुरू व्हायच्या आधी पडद्यावर दावत्यात. अठराच्या आतल्यांनी बघायचा न्हाई."

"मला वाटलं, 'ए, मागं हो!' म्हनत्यात."

"बाजारात पोरं तसंच म्हणाय लागलीत," जलील हसला. मग त्याला आपण कुठं उभे आहोत ते आठवलं.

तेवढ्यात सावळाराम आला. तो अर्जनवीस होता. कचेरीबाहेर चिंचेखाली बसून लोकांचे अर्ज, तक्रारी, जबाब लिहून द्यायचा. तीस वर्षं कागदाची भाषा लिहून त्याची बोलीही अर्धी कागदाची झाली होती. जलीलला पाहून तो जरा थबकला. विषय काय हे त्याला रस्त्यातच कळलेलं असावं.

"कायदा बरोबर आहे," तो म्हणाला. "कोवळ्या वयात असलं बघू नये. रक्त, धूर, पळापळ. डोक्यात राहतं ते. आणि गोळ्या घातल्या कुणी? आपल्याच माणसांनी. हे पोरांना दाखवून मिळवायचं काय? राज्य आता आपलं आहे. त्यातले निम्मे पोलीस अजून नोकरीत आहेत. उद्या पोरं त्यांच्याकडं कशा नजरेनं बघतील?"

"जशी बघायची तशी बघत्याल," जलील म्हणाला. "पण नाना, कायदा मीबी मोडणार न्हाई. दारात हवालदार असतो. परवाना गेला तर मालक मला उभा कापील. आमच्या अकिलाला, सख्ख्या बहिणीलाबी म्या न्हाई म्हणलंय. ठकू आन् अकिला एकाच आठवड्यातल्या. मला ठाऊक हाय की."

"एक फोटो कापून देशील का?" रतनबाईनं विचारलं.

"नखाएवढा असतो, मावशी. आन् रीळ मोजून परत द्यावं लागतं."

"दाखल्यावर मी अठराची हाय," ठकू म्हणाली.

खळ्यावर चिमण्या उतरल्या, त्यांना कुणी हाकललं नाही. ठकू कार्तिकात पंधरा पुरी झाली होती. लग्न झालं तेव्हा ती बारा वर्षं सहा महिन्यांची होती. कायद्यानं चौदा पुरी लागायची. चांगलं स्थळ होतं, गेनू अंथरुणाला खिळला होता, डोळे मिटायच्या आत मुलगी उजवलेली बघायची त्याची इच्छा होती. तेव्हा सावळारामनं शाळेचा दाखला तयार केला. मजकूर त्यानं लिहिला, मास्तरांनी सही-शिक्का दिला. जन्म १ जून १९३१, अक्षरी एक जून एकोणीसशे एकतीस. तीन वर्षं पाच महिने त्यानं एका ओळीत भरले होते.

"गप गं," धोंडाबाई म्हणाली. "ल्हान हायेस अजून. नको ते बघून झोपंत दचकशील."

"श्रावणात न्हवते ल्हान," ठकू म्हणाली.

श्रावणात, वेल्ह्याला, तिला मेलेलं मूल झालं होतं. दोन रात्री तिच्या उशाशी धोंडाबाईच बसली होती. आता तिनं हातातला पेंढा खाली ठेवला आणि पदरानं तोंड पुसलं.

"नको जाऊस, बाळ," रतनबाई म्हणाली. "भावजी सांगत्यात ते ऐक."

ठकूनं कळशी खाली ठेवली. "आई, मला त्याचं तोंड आठवत न्हाई." मग ती म्हणाली, "खांद्यावर बसवायचा ते आठवतंय. त्याचे केस धरायची मी. पण खांद्यावरनं तोंड दिसत न्हाई ना."

०

जलीलला रस्त्यापर्यंत सोडायला सावळाराम गेला. बांधावर जलील म्हणाला, "नाना, एक सांगायचं राह्यलं. त्यात तुमचा कागदबी हाय."

"कसला कागद?"

"पंचनामा. समदा पडदाभर दावलाय. मागनं एक माणूस वाचून दावतो. अक्षर तुमचंच, म्या वळखलं. चिमाचं वय वीस लिवलंय." तो सावळारामकडे न बघता बोलत होता. "आमी एका बाकावर बसत व्हतो, नाना. म्या आज बावीसचा. सात वर्सांमागं मी किती असंन?"

सावळाराम घरी आला आणि बोटांची शाई धुवायला बसला. ती कधीच पूर्ण जात नसे.

त्या दिवशी खालसातल्या त्या गावी तो एकटाच गेला होता, कारण गेनूला चालवत नव्हतं. धर्मशाळेच्या ओट्यावर चौघं ओळीनं ठेवलेले. कोटावरून त्यानं चिमाजीला ओळखलं. कोट मग पोलिसांनीच ठेवून घेतला. अंमलदार दमलेला होता, वाईट बोलला नाही. त्यानं विचारलं, तुम्ही अर्जनवीस ना, मग तुम्हीच लिहा. वय किती? सावळाराम म्हणाला, पंधरा. अंमलदारानं लेखणी धरलेल्या त्याच्या हाताकडे पाहिलं. म्हणाला, पंधरा लिहिलंत तर मूल झालं. मुलाला मोर्चात कोणी धाडलं त्याची चौकशी होईल. पालकाला, म्हणजे तुम्हाला, इथंच थांबावं लागेल. आणि चौकशी संपेपर्यंत प्रेत मिळायचं नाही. भाद्रपदातलं ऊन होतं.

सावळारामनं लिहिलं: मयत इसम नामे चिमाजी वल्द गेनू, वय वर्षे २०, अक्षरी वीस, धंदा शेती, राहणार उत्रोली.

'अक्षरी' लिहायला कुणी सांगितलं नव्हतं. ती त्याची सवय. समोर बसलेल्या प्रत्येकाला तो सांगायचा, आकडा वाकतो, अक्षर वाकत नाही. नुसता आकडा असता तर पुढं कधी कुणी म्हणालं असतं की घाईत चुकला असेल.

धोंडाबाईनं त्याच्यापुढं भाकरी ठेवली. ती जेवायला वाढताना बोलत नसे. आज बोलली.

"त्या शिनेमात मरणारा पंधराचा हाय. आन् बघणारा अठराचा लागतो. ह्यो कुठला हो कायदा?"

त्यानं घास हातात धरला. बायकोला काय सांगणार? कागदाप्रमाणे मरणारा वीसचा होता, कागदाप्रमाणे बघणारी अठराची होती. कागदाप्रमाणे सगळं कायद्यातच बसत होतं.

"तिला त्रास होईल," तो म्हणाला.

"तिला का तुमाला?"

ती उठली. उतरंडीमागची पत्र्याची पेटी उघडल्याचा आवाज त्याला ऐकू आला. पेटीची किल्ली तिच्या कमरेला असे, आणि पेटीत काय कुठं आहे ते तिला वाचता येत नसूनही माहीत होतं. निळ्या शिक्क्याचा कागद तो ठकूचा.

"कुणाला देतेस तो?"

"जिचा हाय तिला."

०

शनिवारी अडीच वाजता वखारीपुढं दोनशे तरी माणसं होती. बायकांची रांग वेगळी. पाठीमागं गिरणीचं इंजिन धडधडत होतं आणि त्याच्या धक्क्यानं तुसाच्या ढिगावरून बारीक धूळ घसरत होती. दाराशी जलील तिकिटं फाडत होता. त्याच्या शेजारी खुर्चीवर हवालदार. पन्नाशीचा, वैतागलेला. त्याला हा सिनेमा पटलेला नसावा, कारण दर पाच मिनिटांनी तो कुणाला तरी सांगत होता, "मी तेव्हा नाशकाकडं होतो बरं का. हिकडं नव्हतो."

रतनबाई तुसाच्या ढिगापाशी थांबली. रात्रीतून तिचं मत बदललं होतं, पण पाय बदलले नव्हते. "मी हितंच बसते," ती म्हणाली. "माझ्या डोळ्यात हाय तो. तुझ्या डोळ्यात न्हाई. तू जा."

ठकू आणि धोंडाबाई रांगेत पुढं सरकल्या. सावळाराम बारा पावलं मागं, पुरुषांच्या रांगेत होता. यायचं नाही असं ठरवून तो आला होता.

"ही अठराची?" हवालदारानं ठकूकडे बघून विचारलं.

"लग्न झालंय तिचं," धोंडाबाई म्हणाली. "दिसत न्हाई का मंगळसूत्र?"

"मंगळसूत्र पाळण्यातल्या पोरीच्याबी गळ्यात बघितलंय मी, बाई."

ठकूनं कागद पुढं केला. हवालदारानं तो लांब धरून वाचला. मग जलीलला दाखवला. "तू हिथला ना? वळखतोस हिला?"

जलीलच्या हातात एक तिकीट अर्धं फाटलेलं होतं. "वळखतो," तो म्हणाला.

"अठराची हाय?"

"कागदावर हाय की, साहेब."

"कागद वाचता येतो मला." हवालदारानं मान वर करून रांगेवरून नजर फिरवली आणि त्याला सावळाराम दिसला. चिंचेखालच्या अर्जनवीसाला भोरात कोण ओळखत नाही? "ओ नाना, या पुढं. अक्षर तुमचंच दिसतंय. पोरगी कोण तुमची?"

"पुतणी."

"मग तुमीच सांगा. मला बोलणी खायची न्हाईत. हे खरं हाय का?"

रांगेतली माणसं बघत होती. सावळारामनं ठकूकडे पाहिलं. ती त्याच्याकडे बघत नव्हती, कागदाकडे बघत होती. खोटं म्हटलं तर दाखला खोटा, लग्न बेकायदा, मास्तर अडचणीत, तो स्वतः अडचणीत. आणि मुलगी बाहेर. खरं म्हटलं तर ती आत जाणार आणि त्याचं दुसरं अक्षर बघणार.

"खरं आहे," तो म्हणाला.

जलीलनं उरलेलं तिकीट फाडलं.

०

वखारीच्या पत्र्याला जागोजाग भोकं होती. जलीलनं बहुतेक शेणानं बुजवली होती, काही राहिली होती. ठकूनं वर बघितलं, मग खाली. भोकं वेडीवाकडी, चिरलेली, पण जमिनीवर पडलेले कवडसे सगळे गोल होते. असं का, हे तिनं एकदा शाळेत मास्तरांना विचारलं होतं. चौथीनंतर शाळा सुटली आणि उत्तर राहून गेलं.

दार लागलं. पडद्यावर आधी एक कागद आला, त्यावर ते अक्षर. पुरुषांच्या बाजूनं कुणी तरी "ए!" म्हणालं आणि सगळे हसले. मग माणसं दिसू लागली, करडी, भराभर चालणारी. पुस्तकातल्यासारख्या मराठीत एक आवाज बोलत होता. त्यातलं निम्मं इंजिनात बुडत होतं.

मोर्चा आला. ठकू पुढं वाकली. तिनं मिशा असलेले चेहरे बघितले, फेटे बघितले, उंच माणसं बघितली. दादा उंच होता, त्याच्या खांद्यावरून आढ्याला हात लागायचा. पडद्यावर उंच माणसांच्या मधून एक काळा कोट चालत होता. कोट गुडघ्यापर्यंत आलेला. बाह्या बोटांच्या खाली लोंबत होत्या. तो मुलगा हात वर करून बाही मागं सारायचा, ती पुन्हा घसरायची. ठकूची नजर त्याच्यावरून पुढं गेली आणि मग परत आली. तोपर्यंत अकरातले तीन-चार सेकंद गेले होते.

तो वळला. वरच्या ओठावर काही नव्हतं. कान मोठे, मान बारीक. यंत्राकडे बघतोय हे लक्षात येऊन तो हसला, लाजला, आणि बाहीनं नाक पुसलं.

एवढी वर्षं ती एका मोठ्या माणसाला आठवायचा प्रयत्न करत होती.

मग धूर झाला. लोक पळाले. कुणी पडलं, ते कोण ते कळत नव्हतं. धोंडाबाईनं तिचे डोळे झाकायला हात पुढं केला आणि ठकूनं तो हात धरून मांडीवर ठेवला. मग सगळा पडदा भरून एक कागद आला. आवाज वाचू लागला, मयत इसम नामे चिमाजी वल्द गेनू.

ठकूला आवाजाची गरज नव्हती. 'वर्षे'वरचा तो रफार, विळ्यासारखा मागं ओढलेला. याच अक्षरात नानांनी तिला पाटीवर बाराखडी काढून दिली होती. हाच रफार आत्ता तिच्या मुठीतल्या कागदावर होता. वय वर्षे २०, अक्षरी वीस.

मागं एक म्हातारी म्हणाली, "वीस कुठलं? कवळं पोर दिसत व्हतं."

"कागदावर हाय की," दुसरी म्हणाली.

पुरुषांच्या बाजूला, भिंतीला टेकून उभ्या असलेल्या सावळारामनं पडदा पाहिलाच नाही. दोरीपलीकडं, सहा ओळी पुढं, ठकूचं डोकं तेवढं तो बघत होता. ते मागं वळेल असं त्याला वाटलं. वळलं नाही.

०

रतनबाई तुसाच्या ढिगापाशी तशीच बसली होती. लेक समोर येऊन बसली तेव्हा तिनं घाई केली नाही.

"दिसला?"

"दिसला. नानांचा कोट व्हता. लई मोठा व्हत व्हता त्याला. बाहीनं नाक पुसलं."

रतनबाईच्या तोंडावर काही तरी हललं. "ती खोड त्याची. किती मारलं त्यापायी."

"आई, दादा किती वर्सांचा व्हता?"

"पंधरा. मार्गशीर्षात सोळावं लागणार व्हतं."

"म्हंजे माझ्याएवढा."

रतनबाईनं मुलीकडे पाहिलं. मनात तिनं हिशेब कधी असा मांडलाच नव्हता. चिमाजी एका जागी थांबला होता आणि ठकू मागून चालत चालत त्याच्यापर्यंत आली होती. "व्हय," ती म्हणाली. "तुझ्याएवढा."

"नानांनी वीस लिवलंय. पडद्यावर दावलं."

चौघं चालत उत्रोलीला परतली. घरी आल्यावर रतनबाईनं दिराला पाणी दिलं आणि तांब्या हातात असतानाच विचारलं. सावळारामनं सगळं सांगितलं. धर्मशाळेचा ओटा, अंमलदार, ऊन. "प्रेत द्यायचं नाही म्हणाला, वैनी. मला त्याला घरी आणायचा होता." मग, कुणी विचारलं नसताना, "आणि मला भीती वाटली. स्वतःची."

"आणलात ते बरं केलंत," रतनबाई म्हणाली. तांब्या खाली ठेवून तिनं विचारलं, "ते आता बदलता यील का?"

"नाही. ते सरकारदप्तरी आहे. आता तर सिनेमातही."

"म्हंजे तो वीसचाच ऱ्हायचा."

सावळाराम बोटांची शाई धुवायला उठला.

रविवारी सकाळी ठकूला न्यायला वेल्ह्याहून गाडी आली. गाडीवान कोंडिबानं बैल सोडून वैरणीला लावले आणि ओट्यावर बसून चहाची वाट पाहू लागला. ठकूचं गाठोडं बांधलेलं नव्हतं. रतनबाई आत गेली, दिराचं लिहिण्याचं मेज उचलून बाहेर घेऊन आली आणि त्याच्यापुढं ठेवलं.

"भावजी, सोनबा व्याह्यांना चिठ्ठी लिवायची."

"काय लिहू?"

"लिवा की पोर ल्हान हाय. अंगानं सावरली न्हाई. अठरा पुरी झाल्याबिगर धाडणार न्हाई. तीन वर्सं थांबा म्हनावं. थांबवत नसंल तर त्यांची मर्जी."

"वैनी, हे लिहिलं म्हणजे दाखला खोटा ठरला. माझ्याच हातानं. व्याही कागद घेऊन कचेरीत गेला तर—"

"जाऊ द्या."

"माझं चिंचेखालचं बसणं जाईल."

"तुमचं बसणं जाईल," धोंडाबाई दारातून म्हणाली. "आपण भात लावू. ल्हान पोरगी परत धाडायची न्हाई."

सावळारामनं दौत उघडली. वरचे नमस्कार, क्षेमकुशल, सगळं त्याच्या हातानं आपोआप लिहिलं. मग तो आला त्या ओळीवर. चि. ठकुबाई, वय वर्षे. रफार मागं ओढताना हात थांबला. कोंडिबा कपातला चहा बशीत ओतत होता. त्यानं पुढं १५ लिहिलं आणि टाक दौतीत ठेवला.

ठकू त्याच्या खांद्यामागं उभी राहून वाचत होती.

"नाना," ती म्हणाली. "अक्षरी."

त्यानं टाक पुन्हा उचलला. 'पंधरा' लिहिताना बोट ओल्या शाईवर पडलं आणि शेवटचा काना जरा फिसकटला. तो दुसरा कागद घ्यायला वळला. ठकूनं तोच कागद मेजावरून उचलला, फुंकर घालून वाळवला आणि नेऊन कोंडिबाच्या हातात दिला.